गणपतीपर्यंत जगली तर बाग

३ एप्रिल, गुरुवार

खाडीचा गाळ आला. दोन डंपर. काळा, चिकट, वास असा की दुपारी जेवण गेलं नाही.

पाडव्याला भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दोन्ही घरांपुढचा अडीच गुंठ्यांचा तुकडा तसाच पडून आहे, तिथं पेव्हर ब्लॉक टाकू, टेम्पो उभे राहतील. मी म्हटलं, मला तिथं बाग करायची आहे. सगळे असे बघायला लागले की जणू भिंत बोलली. मग भाऊजी म्हणाले, "गनपतीपरत झाडं जगली तं जागा तुमची, वयनी. न्हायतं ब्लॉक." झालं. पंचांगात लिहिल्यासारखं ठरलं.

जमीन म्हणजे नुसता मुरूम आणि समोरच्या गोडाऊनचा राडारोडा. त्यावर माती हवी. हे म्हणाले गाळ. जाऊबाई म्हणाली गाळ. मीही म्हटलं गाळ, आमच्या माहेरी खाडीच्या गाळावर भात छातीएवढं यायचं. भाऊजी तेवढे काही बोलले नाहीत, सुपारी कातरत बसले. या घरात एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तारीख लिहून ठेवते आहे.

६ एप्रिल, रविवार

हायवेवरची नर्सरी. सोबत लेकीची यादी. मुग्धा पुण्यात एसीत बसून मोबाइलवर बागा बघते आणि मला नावं पाठवते. लव्हेंडर, हायड्रेंजिया, पिटुनिया, इंग्लिश गुलाब. शेवटी "आई, रंगसंगती सांभाळ."

नर्सरीवाला जौनपूरकडचा, गोड बोलणारा. मी एकेका कुंडीवर बोट ठेवून विचारलं, आमच्याकडे उकाडा फार, दमट हवा, समोर गोडाऊनचा पत्रा तापतो, हे चालेल का? "चलेगा क्या मॅडम, दौडेगा." लव्हेंडर? दौडेगा. हायड्रेंजिया? दौडेगा. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली. प्रत्येक प्रश्नाला हो म्हणणाऱ्या मुलाला उत्तर येत नसतं, हे मला कळायला हवं होतं. पण ती हायड्रेंजियाची निळी फुलं! मोह पडला. खोटं कशाला लिहू.

घेतलं : गुलाब १२, लव्ह. ६, हाय. ४, पिटु. एक ट्रे, हिरवळीचे गालिचे, आणि उगाच एक जास्वंद, लाल, आपली साधी.

(नर्सरीवाला यापुढे न.वा. त्याच्याबद्दल बरंच लिहावं लागणार, लक्षणं दिसतायत.)

९ एप्रिल, बुधवार

लागवड झाली. कंबर गेली. हे ओट्यावर खुर्ची टाकून मार्गदर्शन करत होते. "तो डावीकडे घे." कोणता? "तो."

सकाळी दहालाच पत्रा असा तापतो की समोर उभं राहिलं तर तोंड भाजतं. बाराला घामाने पदर पिळावा लागला. हवा हलत नाही. हलतात फक्त कंटेनर.

पण संध्याकाळी पाणी घातल्यावर बरं वाटलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पत्र्याच्या आधी काहीतरी हिरवं दिसलं. या घरात आल्यापासून जमिनी गेल्या, गोडाऊनं आली, माणसं बैठकीत बसली, सह्या झाल्या. मी आतून चहा पाठवला. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी विचारा म्हटलं नाही, मला वर्गाची घाई असायची. हा पहिला तुकडा मी तोंडाने मागितला आहे. तो मला हवा आहे. बस.

१५ एप्रिल, मंगळवार

लव्ह. सहाच्या सहा गेले. काड्या. न.वा.ला फोन : "पानी ज्यादा हो गया, मॅडम."

१९ एप्रिल, शनिवार

हाय. चारपैकी तीन गेले. पानांच्या कडा विस्तवाने भाजल्यासारख्या. न.वा.ला फोन : "पानी कम हो गया."

मी विचारलं, नेमकं किती घालू? म्हणे, "अंदाज से." ठेवला फोन.

२७ एप्रिल, रविवार

गुलाबांच्या कडा तपकिरी. हिरवळ पिवळी, काही ठिकाणी राखेसारखी. सल्ले आले ते असे. हे : चहाचा चोथा घाल. जाऊबाई : अंड्याची टरफलं. मुग्धा : झाडांशी बोल. शाळेतल्या बायकांचा ग्रुप : ताक, हळद, निंबोळी पेंड, आणि एक सुप्रभात. सगळं घातलं, सुप्रभात सोडून. झाडांशी बोललेसुद्धा. जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हिरवी जाळी बांधली, पत्र्याची झळ कमी व्हावी म्हणून. झळ कमी झाली. झाडं तशीच.

२ मे, शुक्रवार

जास्वंदही.

जास्वंद मरत नाही. शाळेच्या मागच्या भिंतीला एक होती, तिला मुलं डबे धुतलेलं पाणी घालायची, मे महिनाभर तेही नाही, जूनमध्ये फुललेली. तीच इथं पानं गाळून उभी आहे. हे उन्हाचं काम नाही. कुणीतरी काहीतरी करतंय.

आज सकाळी सहाला खिडकीतून पाहिलं. भाऊजी तुकड्याच्या मधोमध उभे. हातात कॅन. डिझेलचा. बराच वेळ तसेच उभे होते.

४ मे, रविवार

बोलले. बोलून टाकलं. त्यांच्या ओट्यावर जाऊन, जाऊबाई समोर, हे मागून "अगं, अगं" करत. म्हटलं, झाडं मारून जागा जिंकायची असेल तर तसं सांगा, निदान माझी कंबर तरी वाचेल. डिझेलचं म्हटलं.

भाऊजी उठले. आवाज चढवला नाही. "वयनी, ह्या हातानं मी झाड मारलं, आसं वाटतं तुमाला?" मी म्हटलं, हो. ते आत गेले.

घरी आल्यावर हे म्हणतात, डिझेल टेम्पोचं असेल, टेम्पो पलीकडेच तर लागतो. हे तिथंच बोलायला तुमची जीभ काय गहाण होती?

१० मे, शनिवार

बोलणं बंद. जाऊबाई दळणाचा डबा कुंपणावरून देते, तोंड दुसरीकडे करून. फाटकाशी ब्लॉकची थप्पी येऊन पडली. लाल आणि करडे. अजून साडेतीन महिने आहेत गणपतीला, पण दिसत राहावेत म्हणून आत्ताच. कळतं मला.

१८ मे, रविवार

मेलेली झाडं उपटायला जनीला बोलावलं. जनी अकलोलीकडची, तिकडे घरची थोडी शेती, इथं रोजाने येते. तिने पहिली कुदळ मारली आणि थांबली. ढेकूळ उचलून मला दाखवलं. वर पांढरी साय, मिठाच्या बरणीच्या तोंडाला धरते तशी.

"बाई, ही खारी माती हाय. खाडीचा चिखल बागंत कोन टाकतो?"

आम्ही. आम्ही टाकतो. सगळ्यांनी मिळून, एकमताने.

चौथीच्या वर्गाला खारजमीन शिकवली आहे मी. फळ्यावर खाडी काढून, निळ्या खडूने भरतीचं पाणी दाखवून. आणि दीड महिना पांढरी साय बघून मला वाटत होतं, खत वर आलं. माहेरी गाळावर भात यायचं ते खरं. पण ते खाऱ्यातलंच भात होतं आणि त्या जमिनीत पावसाळाभर माणसं काय करायची ते बघायला मी कधी बांधावर गेले नाही. आम्हाला भात आठवलं, शेती आठवली नाही. राग इतका आला की जनीला चहा द्यायचा विसरले.

आणि भाऊजींना मी काय काय बोलले.

१९ मे, सोमवार

यांना सांगितलं. "मग आता?" म्हणाले. मी म्हटलं, खारी माती गोडी कशी करतात? तर म्हणे, पंढरीला विचार, त्यालाच ठाऊक. खरंच आहे. हे सुताला खळ देणाऱ्या साइझिंगच्या कंपनीत, मी शाळेत. सासऱ्यांबरोबर शेवटपर्यंत शेतात उतरले ते एकटे पंढरीभाऊजी.

म्हटलं, तुम्ही विचारा. "भांडण तू केलंस." पस्तीस वर्षांत एवढं थेट वाक्य हे कधी बोलले नव्हते. नेमकं आज सुचलं.

२५ मे, रविवार

न.वा.कडे जाऊन आले, जाब विचारायला. त्याने मान डोलावली, हळहळला आणि मला प्लास्टिकची हिरवळ दाखवली. "इसको कुछ नहीं होगा, मॅडम. न धूप, न पानी." मी तिच्यावरून हात फिरवला. एक क्षण मोहसुद्धा पडला. एवढी वेळ आली आहे माझ्यावर.

१४ जून, शनिवार

चार दिवस धो धो. तुकड्यात घोट्याएवढं पाणी. गटाराच्या बाजूने चर खणून पाणी काढायला घेतलं, मी आणि जनी. भाऊजी त्यांच्या ओट्यावर बसून बघत होते. महिना-सव्वा महिना बोलणं नाही. एकदम तिथून हाक आली, मला नाही, जनीला.

"जने, बाईला सांग, पानी सोडू नको म्हनावं."

मी जनीच्या शेजारी उभी. हातभर अंतर. जनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जनी, त्यांना विचार, का?

"ती इचारते का," जनी.

"गोडं पानी हाय ते. आडव म्हनावं. चारी अंगाला बांध घाल. चार दिस तुंबू दे, मंग गटाराकडनं सोड. परत तुंबव. मीठ पान्यासंगं जातं."

जनी माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना? का सांगू?"

ऐकलं. चर बुजवला. दोघींनी मिळून बांध घातला, वाकडातिकडा. ओट्यावरून "जने, कोपरा फुटल तिचा" एवढं आलं. कोपरा संध्याकाळी फुटला.

२२ जून, रविवार

पाणी सोडलं. जनी नव्हती, म्हणून भाऊजी बैलाला सांगावं तसं त्यांच्या टेम्पोला सांगत होते, "आज सोडाय पायजे." मी सोडलं.

सोडलेलं पाणी चहासारखं गढूळ. पुन्हा बांध. पुन्हा तुंबवणं.

९ जुलै, बुधवार

चौथ्यांदा. मुग्धाने व्हिडिओ कॉल केला, "आई, बाग दाखव." दाखवली. ती म्हणाली, हे तर डबकं आहे. हो. यांची तक्रार डासांची. ग्रुपवर सोसायट्यांतल्या बायका एप्रिलपासून फुलांचे फोटो टाकतायत आणि मी चिखलात उभी आहे, मॅक्सी खोचून, निवृत्तिवेतन घेणारी बाई.

गंमत म्हणजे कंबर दुखत नाही.

२० जुलै, रविवार

आता लावायचं काय? आता न.वा.ला विचारायचं नाही, एवढी अक्कल आली. जनीमार्फत विचारलं. कुंपणापलीकडून यादी आली : भेंडीचे दांडे (भाजीची नव्हे, खाडीकाठी मोठं झाड होतं ती, पिवळ्या फुलांची). कण्हेर. सदाफुली. नारळ कडेला. "आनि गुलाबाचं नाव काडू नको म्हनावं दोन वरसं."

तरी न.वा.ला सवयीने फोन केलाच. भेंडीचं झाड आहे का? "भिंडी? वो तो मंडी में मिलेगी." गेल्या चार महिन्यांत त्याने पहिल्यांदा नाही म्हटलं. त्याच्याबद्दल थोडं बरं वाटलं.

खाडीकडून जनीने दांडे तोडून आणले. नऊ लावले. कण्हेर तीन. सदाफुली शाळेच्या आवारातून.

३ ऑगस्ट, रविवार

आज गेले. जनीला मध्ये न घेता. भाऊजी ओट्यावर एकटेच होते. पायरीवर बसले, वर बसायचं धाडस झालं नाही. म्हटलं, भाऊजी, मी चुकले. झाडं मिठाने गेली. तुम्हाला नको ते बोलले.

ते सुपारी शोधत राहिले. मग म्हणाले, "गाळ आला तवाच म्हायत व्हतं मला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. काय माहीत होतं? "ही खारी माती हाय, पावसाळ्याआधी कायपन लावलं तरी मरल. डंपर आला तवा बोलाय पायजे व्हतं. न्हाय बोललो."

म्हणजे मी चूक बोलले नव्हते. म्हणजे डिझेल नव्हतं, पण होतंच काहीतरी. माफी मागायला आलेल्या माणसाने अशा वेळी काय करायचं असतं? मी विचारलं, का?

ते समोर पत्र्याकडे बघत होते. "त्या तुकड्यात आमचा राब व्हता. भाताची रोपं मी काडली तिथं, आठ वरसाचा आसल्यापासनं. आजून सकाळी उठून तिथं जातो. उभं रावलं का म्होरं शेत दिसाय पायजे, दिसतो पत्रा. ब्लॉक टाकले का ते एक संपलं."

मग बांध घाल म्हणून का सांगितलंत?

"गोडं पानी वाया चाललं व्हतं." एवढंच.

मी उठून आले. आले तेव्हा रडले, रागाने की कशाने, ठरवता आलं नाही. मला हिरवं हवं म्हणून मी मागते, आणि गेलेलं शेत आठवू नये म्हणून ते झाकायचं म्हणतात, आणि तुकडा अडीच गुंठ्यांचा. यांना काही सांगितलं नाही. सांगून "मग आता?" एवढंच ऐकायला मिळेल.

४ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा राग. गुलाबांचा हिशेब नको, पण एप्रिल-मेचं ते पाणी, ती कंबर, ते चहाचे चोथे. सगळं माहीत असून बघत बसला हा माणूस. आणि माफी मागितली कुणी? मी.

१३ ऑगस्ट, बुधवार

नऊपैकी चार दांड्यांना डोळे फुटले. चार जगली तर बाग म्हणायची का? "झाडं जगली तर" म्हणाले होते, किती ते बोलले नव्हते. वकिलाच्या घरची असते तर भांडले असते.

कण्हेर एक गेली. दोन गप्प आहेत.

२० ऑगस्ट, बुधवार

चारांतला एक दांडा काळा पडला. तीन.

ब्लॉकवाला येऊन थप्पी मोजून गेला. गणपतीनंतर लगेच सुरू करतो, म्हणाला. भाऊजी घरी नव्हते. यांनी त्याला चहा दिला. अर्थात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. उद्या गणपती. सकाळी पत्री गोळा करायला बाहेर आले तर भाऊजी तुकड्यात. उभे नव्हते, उकिडवे बसले होते. तीन भेंड्या बघून झाल्या होत्या बहुतेक. प्रत्येकीला दोन-दोन पानं, माझ्या तळहाताहून लहान. सदाफुली तेवढी बरी, पाच-सहा फुलं.

मी जवळ गेले. त्या दिवसानंतर बोललो नाही आम्ही. त्यांनी बोटाने वरची माती बाजूला केली, खालची चिमूटभर घेतली, जिभेवर ठेवली. थोडा वेळ ठेवून थुंकली. मला वाटलं आता सांगतील. सांगितलं नाही. दुसरी चिमूट घेतली आणि हात माझ्यापुढे केला.

"तुमी सांगा. कशी हाय?"

मी पत्रीचं ताट खाली ठेवलं. माती घेतली, चाखली. आधी नुसता चिखल लागला. मग कडेने आलं ते. साय धरण्याइतकं नाही, कमी, पण होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी गोडी आहे म्हणाले असते तर त्यांनी काय केलं असतं, कुणास ठाऊक. ब्लॉकची थप्पी फाटकाशी तशीच होती.

म्हटलं, खारी आहे अजून.

"हां," म्हणाले. गुडघ्यावर हात ठेवून उठले. "आजून एक पावसाळा लागंल." माझ्याशी बोलले की मातीशी, कळलं नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ब्लॉकवाल्याचा असणार, परवापासून तोच करतोय. ते बोलत बोलत त्यांच्या घराकडे गेले, माझ्याकडे पाठ. समोरून कंटेनर चालला होता. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

मी तिथंच उभी राहिले. मग पत्री घेऊन आत आले, चूळ भरली, दोनदा भरली. उपास असल्यामुळे दिवसभर पोटात काही नाही. तोंडातला खारटपणा अजून आहे.